१६०० मीटरची ट्रायल रोज नको

पोलीस भरतीची तयारी नवीन असली की रोज पहाटे घड्याळ लावून १६०० मीटर पळायचा मोह होतो. तो आवर. पूर्ण ताकदीची ट्रायल तीन-चार आठवड्यांतून एकदाच. दम आणि पाय आठवड्याभरात फारसे बदलत नाहीत. दोन-चार सेकंदांचा फरक ऊन, वारा, झोप यांचाच असतो. शिवाय रोज जीव तोडून पळालं की नडगी दुखायला लागते आणि पंधरा दिवस घरी बसावं लागतं.

ट्रायलच्या आधी दोन दिवस हलकं पळ. मैदान, वेळ, बूट दर वेळी तेच ठेव. मोबाईलच्या जीपीएसवर अंतर मोजू नकोस, गोल ट्रॅकवर ते चुकतं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या पहिल्या लेनमध्ये चार राउंड. एकेक लेन बाहेर गेलास की दर राउंडला सातेक मीटर जास्त पडतात.

एकूण वेळेपेक्षा प्रत्येक राउंडची वेळ लिही, खरी गोम तिथे आहे. ५:१० हवे असतील तर राउंड साधारण ७७ सेकंदांचा. वहीत ६८, ७६, ८६, ८४ दिसलं तर दम कमी नाही, पहिला राउंड उधळलास.

मधल्या काळात दहा दिवसांतून एकदा ४०० मीटर चार वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. चौथा पहिल्याइतकाच आला की वेग वाढव. गोळ्याची फेक मात्र दर आठवड्याला मोजली तरी चालते. शेवटची ट्रायल मैदानी चाचणीच्या दहा-बारा दिवस आधी.