चुंबकाला 'तणाव' कशाला?

प्रश्न मोहाडीकडच्या (जि. भंडारा) एका विद्यार्थ्याचा : 'तणावामुळे अतिपातळ पदार्थांचे चुंबकत्व बदलते' अशी बातमी वाचली. इथे तणाव बरोबर की ताण?

ताण. तणाव दंगलीनंतर गावात असतो, स्फटिकात नाही. मूळ इंग्रजी शब्द 'स्ट्रेन' : मूळ लांबीच्या मानाने लांबीत पडलेला फरक. परिभाषाकारांनी त्याला 'विकृती' म्हटलं. त्या गरीब स्फटिकाने कुणाचं काय वाकडं केलं होतं? विकृती म्हणजे नुसतं बदललेलं रूप, हे मलाही ठाऊक आहे. पण आजच्या मराठीत विकृत माणूस पोलीस ठाण्यातच भेटतो. 'ताण म्हटलं तर स्ट्रेसशी (दर क्षेत्रफळामागच्या बलाशी) घोळ होईल' हा त्यांचा ठरलेला बचाव. का होईल? स्ट्रेससाठी त्यांनीच 'प्रतिबल' करून ठेवलंय ना! आणि दाबलं तर? उणा ताण म्हणा.

खरी गंमत मुळात आहे. संस्कृत 'तन्' म्हणजे ताणणं, पसरणं. तंतू, तंत्र, गवयाची तान, आंधळगावच्या कोशाच्या (टसर रेशमाच्या) मागावरचा ताणा, सगळी त्याचीच पिलावळ. 'तनु' म्हणजे पातळ, कारण ताणलेलं पातळ होतं. इंग्रजीतले 'थिन' आणि 'टेन्शन' हेही याच घराण्यातले! आता आपल्या झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो आणि तहानेचीही 'तान' होते. 'तान लागली' म्हटलं की समोरचा गडवा भरून आणतो. माझा कयास असा की म्हणूनच आपल्याकडे मनावरच्या ताणाला 'टेन्शन' इतकं पटकन चिकटलं; नाहीतर 'लय तान आहे' म्हणणाऱ्याला दिवसभर पाणीच पाजत बसले असते. शब्दकोशवाले हसतील. हसोत.

हां, चुंबक. क्रोमियम, गंधक आणि ब्रोमीन यांचा एक थरांचा स्फटिक आहे. सुमारे १३२ केल्व्हिनच्या खाली त्याच्या प्रत्येक थरातले अणुचुंबक एका दिशेला, पण शेजारच्या थरातले नेमके उलट. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याचा पातळ पापुद्रा एका अक्षावर एक-दोन टक्के ताणला. तो आडवा ताणला की थरांमधल्या चुंबकी आंतरक्रियेचं चिन्ह पालटतं आणि सगळे थर एकाच दिशेला वळतात. ताण सोडला की पुन्हा आळीपाळीने उलटे. बातमीदाराने एवढं लिहिलं असतं तर 'तणाव' आपोआप गळला असता, कारण तणाव सोडता येत नाही, निवळावा लागतो.