गिटारवादक बदलल्यावर ‘व्हायोलन्स अनइमॅजिन्ड’मध्ये कॅनिबल कॉर्प्स या डेथ मेटल बँडचा आवाज बदलला का?

बदलला, पण पाया तोच आहे. २०२१च्या या अल्बममध्ये पॅट ओब्रायनच्या जागी एरिक रुटन आला. तो बँडला परका नाही. ‘किल’ (२००६), ‘इव्हिसरेशन प्लेग’, ‘टॉर्चर’ आणि ‘रेड बिफोर ब्लॅक’ त्यानेच प्रोड्यूस केले होते, त्यामुळे ध्वनिमुद्रणाचा बाज ओळखीचाच वाटतो.

फरक आहे तो रचनेत. रुटनने लिहिलेली ३ गाणी आधी ऐका: ‘कंडेम्नेशन कंटेजन’, ‘रिच्युअल अ‍ॅनायलेशन’ आणि ‘ओव्हरटॉर्चर’. त्याच्या स्वतःच्या हेट इटर्नल या बँडची छाया तिथे लगेच कळते. सोलोही वेगळे, जास्त सुरेल. फोनच्या स्पीकरवर मात्र निकाल देऊ नका. अ‍ॅलेक्स वेबस्टरचा बोटांनी वाजवलेला बास त्यात पार हरवतो. हेडफोनच लावा.