अझिथ्रोमायसिन चालू असताना आईला धडधड होतेय, या औषधाने हार्टला खरंच धोका असतो का?

म्हणजे आई ६४ वर्षांच्या, बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, ताप-खोकल्यासाठी अझिथ्रोमायसिन ५०० हे अँटिबायोटिक चालू झालं, उलट्या व्हायला लागल्या म्हणून ओंडान्सेट्रॉन पण दिली, आणि तिसऱ्या दिवसापासून धडधड. त्यात तुम्ही नेटवर शोधलंत आणि "अचानक मृत्यू" वगैरे वाचून झोप उडाली. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, डॉक्टरांनी लिहिलेली औषधं एकमेकांशी भांडतायत का ते बघणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे त्या अंगाने सांगतो.

आधी आजचं बघा. ज्यांनी गोळ्या दिल्या त्या डॉक्टरांना आजच फोन करा, पुढचा डोस घ्यायच्या आधी, आणि सगळ्या गोळ्यांची नावं वाचून दाखवा, बीपीची सुद्धा. ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम-मॅग्नेशियम करून घेऊ का असं सरळ विचारा. पण आईला घेरी आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा दम लागला तर फोनाफोनी करत बसू नका, थेट इमर्जन्सीत न्या. आणि बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, घाबरून लोक तेच आधी करतात.

आता धोका खरा आहे का? खरा आहे, पण तो एकट्या अझिथ्रोमायसिनमध्ये फार थोडा आहे, बाकीचा धोका त्या माणसाच्या अंगात आणि गोळ्यांच्या डब्यात असतो.

होतं काय, तर प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा चार्ज होतात. ईसीजीवर हा काळ क्यूटी म्हणून मोजतात. अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही भावंडं, आणि लिव्होफ्लॉक्सासिन-मॉक्सिफ्लॉक्सासिन सारखी औषधं ती पोटॅशियमची वाट थोडी अडवतात, म्हणून क्यूटी लांबतो. तो फारच लांबला आणि नेमक्या चुकीच्या क्षणी जास्तीचा ठोका पडला तर हृदय वेड्यासारखं भरभर फडफडतं, रक्त पुढे जातच नाही, माणूस कोसळतो. बऱ्याचदा ते आपोआप थांबतं, कधीकधी थांबत नाही, तेच ते अचानक मृत्यूचं प्रकरण. हिशेब लागावा म्हणून, दुरुस्त केलेला क्यूटी (क्यूटीसी म्हणतात) बायकांमध्ये साधारण ४६० मिलिसेकंदांपर्यंत ठीक धरतात आणि ५०० च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात.

गंमत म्हणजे एकेकाळी यातलं सुरक्षित औषध म्हणून अझिथ्रोमायसिनकडेच बोट दाखवायचे. एरिथ्रोमायसिन लिव्हरमधलं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे बाकीची औषधं रक्तात साठत जातात. टर्फेनाडिन नावाची ॲलर्जीची गोळी होती, ती एरिथ्रोमायसिनबरोबर घेतल्यावर ठोके बिघडायचे, शेवटी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती अमेरिकेत बाजारातून गेली. अझिथ्रोमायसिन त्या एन्झाइमच्या फार वाटेला जात नाही, म्हणून सगळे निवांत होते. मग २०१२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या रुग्णांच्या नोंदींवरचा मोठा अभ्यास आला, त्यात अमॉक्सिसिलिनशी तुलना केली तर अझिथ्रोमायसिनच्या दर १० लाख कोर्सेसमागे हृदयाशी संबंधित ४७ मृत्यू जास्त दिसले. ज्यांना आधीपासूनच हृदयाचा धोका सगळ्यात जास्त त्या गटात तोच आकडा २४५. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) याबद्दल सावधगिरीची सूचना काढली. त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या १८ ते ६४ वयाच्या सर्वसाधारण लोकांवरचा अभ्यास आला, त्यात पेनिसिलिनच्या तुलनेत जास्तीचा धोका दिसलाच नाही. लोक यातला एकच अभ्यास उचलतात आणि कमेंटमध्ये मारामारी करतात, पण माझ्या मते दोन्हींत विरोध नाहीये, धडधाकट माणसाला जवळजवळ काही होत नाही आणि आधीच काठावर असलेल्याला होऊ शकतं, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून आई काठावर आहेत का हे बघायचं. बायकांचा क्यूटी मुळातच थोडा लांब असतो, त्यात वय. लघवी वाढवणारी गोळी (हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड यातली असेल, पाकिटावर बघा) पोटॅशियम बाहेर काढते, उलट्यांनी ते आणखी कमी होतं, अझिथ्रोमायसिनने जुलाब झाले तर अजून. आणि ओंडान्सेट्रॉन स्वतः क्यूटी लांबवते. तोंडाने घ्यायच्या साध्या डोसमध्ये हा परिणाम छोटा असतो, पण मला खटकते ती ही बेरीज, एकेक गोष्ट सुटी घेतली तर मी फार मनावर घेतलं नसतं. याशिवाय डोमपेरिडोन, फ्लुकोनाझोल, एस्सिटालोप्राम, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, हॅलोपेरिडॉल किंवा ठोक्यांसाठीची अमिओडॅरोन-सोटालोल यातलं काही चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, मानसिक आजाराच्या किंवा मलेरियाच्या गोळीचा हार्टशी काय संबंध असं वाटून लोक नेमकं तेच सांगत नाहीत.

एक गोष्ट मात्र फार गैरसमजाची आहे. क्यूटी लांबला तर तो जाणवत नाही, अजिबात नाही. आईची धडधड तापाने, अंगातलं पाणी कमी झाल्याने, दम्याच्या साल्बुटामॉल पंपाने, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळीने, किंवा तुम्ही सगळे घाबरलेले बघून सुद्धा होऊ शकते. उलट धडधड नाही म्हणून क्यूटी ठीक आहे असंही नाही. नाडीवर बोट ठेवून किंवा बीपीच्या मशीनवर हे कळत नाही, ईसीजीच लागतो, तो पाच-दहा मिनिटांत होतो.

आणि गोळ्या थांबवल्या की विषय संपला असंही समजू नका. अझिथ्रोमायसिन अंगातून फार हळू जातं, अर्धं कमी व्हायलाच जवळपास ६८ तास लागतात, म्हणून तर छोटा कोर्स पुरतो. त्यामुळे शेवटच्या गोळीनंतरचे काही दिवस सुद्धा क्यूटी लांबवणारं दुसरं औषध विचारल्याशिवाय सुरू करू नका.

डॉक्टरांना अजून एक विचारा, अँटिबायोटिक लागणारच आहे का, कारण बराचसा खोकला-ताप व्हायरसचा असतो आणि त्यावर याचा उपयोग शून्य. लागणारच असेल तर अमॉक्सिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिनने क्यूटीचा हा त्रास सहसा होत नाही, पण ते या इन्फेक्शनला चालेल का आणि आईंना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का हे तेच ठरवतील.

ईसीजी नॉर्मल आला तर त्याची कॉपी फाइलमध्ये ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला कामाला येते. क्यूटी लांब आला तर औषध पूर्ण उतरल्यावर आणि पोटॅशियम भरून आल्यावर परत काढतात. तेव्हाही लांबच राहिला तर तो जन्मजात असू शकतो आणि तो घराण्यात चालतो, मग तुमचा आणि तुमच्या भावंडांचाही ईसीजी काढावा लागेल, विशेषतः घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल किंवा पळताना, पोहताना बेशुद्ध पडलं असेल तर ते कार्डिओलॉजिस्टना नक्की सांगा.