गागारिन परत कसा आला, ते आधी सांग

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

अवकाश सप्ताहात पाचवीच्या वर्गाला माणसाच्या अवकाशप्रवासाचा इतिहास तू सांगणार, हे वाचून फार बरं वाटलं. तू पाठवलेलं टाचण पाहिलं. त्यात स्पुतनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहापासूनच्या सगळ्या तारखा ओळीने आहेत. ते परिपाठातल्या दिनविशेषासारखं होईल आणि मधल्या सुट्टीपर्यंत मुलं विसरूनही जातील.

तारखांच्या आधी अंतर त्यांच्या हातात दे. 30 सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल टेबलावर ठेव. चंद्र म्हणून एक मोसंबं एखाद्या पोराच्या हातात दे आणि विचार, किती लांब धरायचं? बहुतेक मुलं गोलापासून हातभर लांब धरतात. मग सुतळीचं दुसरं टोक देऊन त्याला मागे मागे चालायला लाव. वर्ग ओलांडून, दारातून बाहेर, पार व्हरांड्यात. 9 मीटर झाले की थांबव. आता विचार, माणसं राहतात ते अवकाश स्थानक कुठे? ते 400 किलोमीटरवर, म्हणजे या गोलापासून जेमतेम एक सेंटीमीटर, करंगळीच्या जाडीएवढं. वर्ग एकदम गप्प होतो. अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमांमधले 24 जण त्या मोसंब्यापर्यंत गेले, त्यातले 12 त्यावर उतरले, हे वाक्य त्या शांततेत सांग.

मग गोष्टी. माझा अनुभव असा, की माणूस वर कसा गेला यापेक्षा घरी परत कसा आला, यात मुलांचा जीव अडकतो. 12 एप्रिल 1961 ला अवकाशात गेलेल्या पहिल्या माणसाने, यूरी गागारिनने, पृथ्वीला एक फेरी मारली, उड्डाणापासून जमिनीवर येईपर्यंत 108 मिनिटं लागली. तुमच्या शाळेच्या तीन तासिका म्हण. पण खरी गोष्ट पुढे आहे. सुमारे सात किलोमीटर उंचीवर तो यानातून बाहेर फेकला गेला आणि पॅराशूटने व्होल्गाकाठच्या एका शेतात उतरला. शेतात एक बाई आणि तिची लहानगी नात होती. नारिंगी पोशाखातला माणूस आभाळातून येताना पाहून त्या घाबरून मागे सरल्या. त्या नातीच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, एवढंच मुलांना विचार आणि बोलू दे. तुझा अर्धा तास तिथे गेला तरी चालेल.

लिओनोवचंही तसंच. मार्च 1965 मध्ये तो यानाबाहेर तरंगणारा पहिला माणूस ठरला. बाहेर त्याचा पोशाख इतका फुगला, की आत शिरता येईना. शेवटी पोशाखातली हवा थोडी थोडी सोडत तो आत आला. चंद्राकडे निघून वाटेत बिघडलेल्या अपोलो 13 यानाची गोष्ट तर करूनच दाखव. यानातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड साठत चालला होता. तो शोषून घेणारे डबे होते, पण चौकोनी, आणि बसवायची जागा गोल! प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी एवढ्यावर अंतराळवीरांनी जुळणी केली. हेच सामान गटागटांना दे, बघ काय काय करतात.

आता लायका कुत्रीबद्दल. नोव्हेंबर 1957 मध्ये ती वर गेली तेव्हा परत आणायची सोयच नव्हती. उष्णतेने ती काही तासांतच गेली. बेल्का आणि स्ट्रेल्का या कुत्र्या जिवंत परतल्या 1960 मध्ये, आणि मगच माणसाला पाठवलं. खूप वर्षांपूर्वी मी वर्गात सांगितलं होतं, की लायका वर शांत झोपली. दुसऱ्या दिवशी एक मुलगा टेबलाशी येऊन म्हणाला, “बाई, तिला उठवायला कुणी गेलं का?” मला उत्तर देता आलं नाही. ते अजून टोचतं. तू खरं सांग, सौम्य शब्दांत, पण खरं.

कल्पना चावलाचंही सांगशील. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा निखळून तिच्या कोलंबिया यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. 1 फेब्रुवारी 2003 ला परतताना तिथूनच तप्त वायू आत शिरले. सातही जण गेले. कारण नीट सांगितलं तर मुलं घाबरत नाहीत, प्रश्न विचारतात.

राकेश शर्मांचं इंदिराजींना दिलेलं उत्तर मुलांना पाठ असतं, त्यावर फार थांबू नकोस. शुभांशु शुक्लांचं मात्र ताजं आहे. 15 जुलै 2025 ला ते समुद्रात उतरले, ते काहींनी मोबाइलवर पाहिलं असेल. त्यांनाच सांगू दे.

पृथ्वीगोल शाळेतला घेणार असशील तर आधी व्यास मोज. लहान असला तर व्यासाच्या तीसपट सुतळी घे, आणि चंद्रही त्या मानाने लहान, लिंबाएवढा चालेल. सुतळी आदल्या दिवशीच कापून गुंडाळून ठेव, वर्गात गुंता सोडवत बसायला नको.

तुझ्या,
बाई