तिजोरी कुठे बसवायची?

अरे, बेडरूमच्या कपाटात साड्यांच्या मागे ठेवू नकोस, चोर आधी तिथेच हात घालतो. आणि नुसती ठेवून तर अजिबात नको, पंधरा-वीस किलोचा डिजिटल लॉकर काय, माणूस चादरीत गुंडाळून उचलून नेतो, त्यामुळे बोल्ट मारणं मस्ट. आता बोल्ट कुठे, तर आधी भिंत ठोकून बघ, नव्या बिल्डिंगमध्ये एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटा) असतात ते ठिसूळ, साधा फास्टनर त्यात हलायला लागतो, तिथे केमिकल अँकर (भोकात रेझिन भरून चिकटवलेला बोल्ट) लाव नाहीतर खाली स्लॅबला मार (आत वायर-पाइप नाही ना बघून). कॉलम-बीमला मात्र हात लावायचा नाही हां.

बाथरूमला लागून असलेली भिंत टाळच. माझी तिजोरी तिथेच होती, एका पावसाळ्यात फ्लॅटच्या अॅग्रीमेंटवर बुरशीचे काळे ठिपके आले, पानं एकमेकांना चिकटलेली, आई ती पंख्याखाली वाळवत बसली होती. आता सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि बदलतो.

इमर्जन्सी चावी आतच ठेवू नकोस, बॅटरी उतरली की बसशील बाहेर. आणि फिटिंगवाला गेला की कोड लगेच बदल, मास्टर कोडसुद्धा (नेहमीचा कोड विसरला तरी तिजोरी उघडणारा).