मुलगा दुसरीत आहे, पोळी-भाजीचा डबा रोज तसाच परत आणतो. सोपे आणि वेगवेगळे प्रकार सुचवाल का?

मी भुसावळचा. बायको सकाळच्या गाडीने जळगावला कामावर जाते, म्हणून तीन वर्षांपासून दोन पोरांचे डबे माझ्याकडे. पहिलं वर्ष तुमच्यासारखंच गेलं. रात्री मोबाईलवर नवा पदार्थ शोधायचा, सकाळी खपायचं आणि दुपारी डबा जसाच्या तसा घरी.

मग एका रविवारी मी स्वतःचाच डबा भरला. सातला पोळी आणि बटाट्याची भाजी बंद केली, साडेअकराला उघडली. वरची पोळी वाफेने ओली, खालची वातड, भाजीला कुबट वास. दोन घासांच्या पुढे जाईना. आपण भाजी कढईतली चाखतो, पोरगं मात्र चार तासांनंतरची खातं! तेव्हापासून मी एकच बघतो: गार झाल्यावर हे चांगलं लागतं का?

म्हणून आधी एक फुकटचा उपाय. डबा गरम गरम भरू नका. पोळ्या जाळीवर दहा मिनिटं निवू द्या, भाजी ताटलीत पसरा, मग झाकण लावा. कणीक दुधात भिजवली तर पोळी दुपारपर्यंत मऊ राहते.

आता पदार्थ. आमच्या घरी पहिला नंबर फुनक्यांचा. आठवड्यातून एकदा रात्री कढी-फुनके असतातच. तुरीची डाळ चार-पाच तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळून जाडंभरडं वाटायची. बारीक पेस्ट केली तर फुनके दगड होतात, हे मी करून बघितलंय. त्यात लसूण, जिरं, हळद, मीठ, कोथिंबीर आणि भरपूर बारीक कांदा. मिरची पोरांच्या बेताने. मुठीत दाबून लांबट मुटके करायचे आणि तेलाचा हात लावलेल्या चाळणीत 15 ते 20 मिनिटं वाफवायचे. रात्री मोठी माणसं कढीत कुस्करून खातात. पाच-सहा फ्रिजमध्ये ठेवून द्यायचे, सकाळी चकत्या कापून मोहरी-तिळाच्या फोडणीत परतायचे. चमचा नको, हात भरत नाहीत, गारही छान लागतात. हिवाळ्यात कांद्याच्या जागी मेथी घालतो. धाकटीला ती दिसत नाही, आणि मीही सांगत नाही.

दुसरा नंबर पाटोड्यांचा, पण रश्शाशिवाय. रस्सा घरी. बेसन ताकात कालवून फोडणीत घोटायचं, ताटलीत थापून वड्या कापायच्या, वर खोबरं. वीस मिनिटांत होतात.

कळण्याच्या भाकरीवर मी जीव टाकतो, पण डब्यात ती पापडासारखी कडक होते. मग त्याच पिठाच्या छोट्या पुऱ्या करायला लागलो. आमच्याकडे चार किलो ज्वारीला एक किलो अख्खे उडीद घालून दळून आणतात. त्यात थोडी कणीक मिसळली की पुरी लाटताना फाटत नाही. सोबत दाण्याची चटणी, आणि वांग्यांच्या दिवसांत भरीत. भरीत तर गारच खावं! तिखट मात्र निम्मं करा. आपल्याकडच्या भरिताची मिरची सात वर्षांच्या पोराला झेपायची नाही, उगाच वांग्याशी वैर धरेल.

केळ्याचं सांगतो. आजूबाजूला रावेर-यावलच्या बागा, आणि माझा पोऱ्या केळ्याला हात लावत नाही. कापून दिलं तर काळं पडतं, अख्खं दिलं तर दप्तरात चेंगरतं. शेवटी जास्त पिकलेली दोन केळी कुस्करून त्यात गूळ, वेलची आणि मावेल तेवढी कणीक घातली, पाणी अजिबात नाही. त्या पुऱ्या संपतात. शुक्रवारी त्याच असतात, कारण तोवर घड उतरणीला लागलेला असतो.

शेवभाजी मात्र देऊ नका. मी एकदा दिली. रस्सा गळून गणिताच्या वहीत शिरला आणि शेवेचा गोळा झाला. शेव द्यायचीच असेल तर वेगळ्या डबीत द्या. सुक्या मटकीवर किंवा फोडणीच्या भातावर ती स्वतः भुरभुरवण्यात पोरांना भारी मजा येते. एरवी पडून राहणारी मटकी आमच्याकडे याच एका कारणाने संपते. बट्टीही चालते. रविवारच्या वरण-बट्टीतल्या वाफवलेल्या दोन बट्ट्या न तळता ठेवायच्या, सोमवारी तुकडे करून तुपात परतायच्या.

आणि डब्यात किती भरता तेही बघा. आमच्या पोरांच्या शाळेत मधली सुट्टी 20 मिनिटांची. त्यातली निम्मी हात धुण्यात आणि मैदानावर जाते. मी तीन पोळ्या द्यायचो, आता दीड देतो आणि घरी आल्यावर वरण-भात वाढतो. मार्चनंतर सकाळची शाळा सुरू झाली की दही-भात बंद. आपल्याकडच्या उन्हात अकरापर्यंत तो आंबतो.

बाकी, डबा रिकामा आला म्हणून लगेच खूश होऊ नका. केळ्याच्या पुऱ्या आमचा पोऱ्या खातो असं मी दोन महिने समजत होतो. निम्म्या शेजारच्या बाकावरचा मित्र खायचा. त्या बदल्यात याला त्याच्या डब्यातली गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी मिळायची, जी घरी केली की हा ताटावरून उठतो.