थोरल्याची सर्दी, धाकटीचे हृदय

प्रश्न : आमच्या साडेतीन महिन्यांच्या मुलीच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असून पुढील महिन्यात शस्त्रक्रिया ठरली आहे. थोरल्या मुलाला सर्दी झाली आहे. डॉक्टरांनी ‘आरएसव्ही’ विषाणूपासून जपायला सांगितले आहे. साध्या सर्दीचा एवढा धसका घ्यावा का?

उत्तर : थोरल्याच्या दृष्टीने ती साधी सर्दीच आहे; धाकटीच्या दृष्टीने नाही. आरएसव्हीमुळे तान्ह्या बाळाच्या अगदी बारीक श्वासनलिका सुजतात आणि चिकट स्रावाने तुंबतात. त्यात तुमच्या मुलीच्या फुप्फुसांकडे छिद्रामुळे आधीच गरजेपेक्षा जास्त रक्त जात असल्याने, निरोगी बाळ ज्या आजारातून आठवड्याभरात सावरते, त्याच आजारात तिला ऑक्सिजनची, क्वचित व्हेंटिलेटरचीही गरज पडू शकते. अँटिबायोटिकचा विषाणूवर काहीही परिणाम होत नाही.

प्रतिबंधासाठी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन मिळते. पॅलिविझुमॅब हे औषध साथीच्या हंगामात दरमहा द्यावे लागते. हृदयदोष असलेल्या बालकांवरील २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यामुळे आरएसव्हीसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ४५ टक्क्यांनी घटले होते. निरसेव्हिमॅब या नव्या औषधाचा हंगामासाठी साधारणतः एकच डोस पुरतो. मात्र हार्ट-लंग मशीनवरील शस्त्रक्रियेत रक्तातील प्रतिपिंडे बरीच कमी होतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर पुन्हा डोस लागेल का, हे आधीच विचारून ठेवावे.

ठरलेली तारीख जाईल या भीतीने काही पालक बाळाचे वाहते नाक शल्यविशारदांपासून लपवतात. हे कृपया करू नका. ताज्या संसर्गात शस्त्रक्रिया झाल्यास फुप्फुसांतील रक्तदाब धोकादायकरीत्या वाढू शकतो, आणि म्हणूनच शक्य असेल तर ती काही आठवडे पुढे ढकलली जाते.

थोरल्याला बरे वाटेपर्यंत वेगळ्या खोलीत झोपवावे, बाळाला घेण्यापूर्वी सर्वांनी साबणाने हात धुवावेत आणि बाळाचे मुके घेण्याची हौस पाहुण्यांनी आवरावी. यात कोणी रुसले तरी चालेल.

मुलीचे दूध पिणे बारकाईने पाहा. दोन घोट ओढून ती धापा टाकत थांबत असेल, कपाळ घामाने नेहमीपेक्षा जास्त भिजत असेल किंवा नेहमीच्या निम्मेही दूध जात नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जात असेल, ओठ नेहमीपेक्षा निळसर दिसत असतील किंवा श्वास मध्येच थांबत असेल, तर थेट रुग्णालय गाठा. या वयात मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. परंतु हृदयदोषामुळे तिचा श्वास एरवीही जलद असू शकतो. म्हणून ती बरी असताना, शांत झोपेत, पूर्ण एक मिनिट श्वास मोजून तो आकडा आजच लिहून ठेवा.